कागदावरील सैन्य : जपानच्या स्वदेशरक्षक दळाच्या एका वृत्तान्ताचें परीक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपाननें आपल्या बेटांच्या रक्षणासाठीं जें सैन्य उभें केलें, त्याची हकीकत इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांस ज्या ग्रंथांवरून कळते त्यांत ‘होमलँड ऑपरेशन्स रेकॉर्ड’ हा प्रमुख होय. अमेरिकन लष्करी कचेरीनें प्रसिद्ध केलेल्या जपानी वृत्तान्तमालेंतील हा १७ वा अंक. युद्ध संपल्यावर जेत्यांच्या आज्ञेवरून जपानच्याच माजी सेनाधिकाऱ्यांनीं ही माला रचिली. कोंकणच्या किल्ल्यांचे कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तथापि या ग्रंथाच्या परीक्षणांतून जो प्रश्न उभा राहतो, तोच आपट्याजवळच्या कर्नाळ्याविषयींही विचारणें प्राप्त आहे. म्हणून त्याची चर्चा येथें करीत आहों.

प्रथम या साधनाची जात ठरविली पाहिजे. १९४५ च्या ऑगस्टच्या मध्यास शरणागतीचा निर्णय होतांच जपानी लष्करी कचेऱ्यांतून दप्तरें जाळण्याचे हुकूम सुटले, व पुष्कळ अस्सल कागद त्या आगींत गेले. सबब लेखकांस स्मरण, खासगी टिपणें व हातीं उरलेले थोडके कागद यांवर भिस्त ठेवावी लागली. कै. राजवाड्यांनीं १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडांत पानिपतच्या काळचीं पत्रें छापून अस्सल पत्र व बखर यांतील अंतर दाखवून दिलें. त्या कसोटीनें पाहतां प्रस्तुत ग्रंथ बखरींत मोडतो. बखर म्हणजे खोटें लिखाण, असा आमचा अर्थ नाहीं. पण प्रसंग होऊन गेल्यावर, त्याचा शेवट ठाऊक असलेल्या मनुष्यानें आणि जेत्याच्या प्रश्नांस उत्तर म्हणून जें लिहिलें, तें त्या भानानेंच वाचलें पाहिजे.

ग्रंथांतील क्रम असा. ८ एप्रिल १९४५ रोजीं स्वदेशरक्षणाची ‘केत्सु-गो’ योजना निघाली. त्याच महिन्यांत दोन महासेना स्थापन झाल्या : पहिली तोक्यो येथें फील्ड मार्शल सुगियामा यांच्या हाताखालीं, दुसरी हिरोशिमा येथें फील्ड मार्शल हाता यांच्या हाताखालीं. फेब्रुवारीची अखेर, एप्रिलचा आरंभ व मेची अखेर अशा तीन वेळीं नवी सैन्यभरती झाली. जूनमध्यें कायदा होऊन १५ ते ६० वर्षांचे पुरुष व १७ ते ४० वर्षांच्या स्त्रिया यांस स्वयंसेवक दळांत घेण्याची तरतूद झाली. तारखांची ही रांग वाचून एक अजस्र सेना डोळ्यांपुढें उभी राहते. आमचा आक्षेप येथेंच आहे.

मराठी दप्तराशीं परिचय असलेल्या अभ्यासकास तीन प्रकारच्या कागदांतील भेद सांगावा लागत नाहीं. नेमणुकीची यादी किती माणूस असावा हें सांगते; हजिरी किती होता हें सांगते; आणि कोठी व दारूखान्याचा हिशेब त्याच्या पोटांत व हातांत काय होतें हें सांगतो. तिन्ही जुळल्याशिवाय शिबंदीचें बळ ठरत नाहीं. प्रस्तुत ग्रंथाचा भर पहिल्या प्रकारावर आहे. स्थापनेची तारीख व सेनापतीचें नांव त्यांत ठळक. माणूस छावणींत केव्हां पोंचला व बंदूक केव्हां पोंचली, हें त्या मानानें अंधुक.

हिरोशिमाच्या ५९ व्या सैन्याचें उदाहरण घेऊं. पश्चिम होन्शूच्या रक्षणासाठीं १५ जून १९४५ रोजीं तें स्थापन झालें. त्यांत बराच भरणा अल्प शिक्षणाच्या राखीव लोकांचा व नव्यानें ओढून आणलेल्यांचा होता. ६ ऑगस्ट रोजीं अणुबाँबनें त्याची मुख्य कचेरी नष्ट झाली व सेनापति फुजी ठार झाले. स्थापनेपासून या दिवसापर्यंत अवघे ५२ दिवस. पुढें त्याच महिन्यांत तानी हिसाओ यांची सेनापति म्हणून नेमणूक झाली. म्हणजे कचेरीची राख झाली असतांही नेमणुकीची यादी पुढें चालूच राहिली! अशा यादीवरून बळ मोजणें किती धोक्याचें, हें यावरून दिसेल.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हें सर्वच सैन्य कागदी होतें असें म्हणणारे टीकाकार उलट दिशेनें चुकतात. अमेरिकनांची पहिली उडी १ नोव्हेंबर १९४५ रोजीं क्यूशू बेटावर पडावयाची होती, व जपाननेंही तेंच स्थान ताडून तेथें १४ डिव्हिजनी जमविल्या होत्या. ती तयारी खरी होती. अणुबाँब टाकणें अवश्य होतें कीं नाहीं या वादांत एक पक्ष क्यूशूकडे बोट दाखवितो, दुसरा वेळूचे भाले घेतलेल्या नागरिकांकडे. दोघेही एकेका प्रांताची हजिरी साऱ्या देशाची म्हणून वाचतात. लाखों जिवांच्या हिशेबाचा निर्णय या वाचनावर टांगलेला असल्यामुळें ही चूक क्षुल्लक नव्हे. जपानी सरकारनें १९६६ ते १९८० या काळांत जो १०२ खंडांचा युद्धेतिहास छापला, त्यांत क्यूशू व कांतो यांचा विचार वेगळाल्या खंडांत केला आहे. ही पद्धति आम्हांस अधिक ग्राह्य वाटते.

आतां कर्नाळ्याकडे वळूं. इंग्रजी गॅझेटिअरांत या किल्ल्याचें वर्णन पनवेल व आपटा या नद्यांमधील हमरस्त्यावर हुकमत ठेवणारा असें केलें आहे; आपटा नदी म्हणजे आपली पाताळगंगा. भरतीबरोबर तिच्यांतून होड्या आपट्यापर्यंत येत. १८१८ च्या जानेवारींत कर्नल प्रॉथरनें हा किल्ला घेतला. त्या वेळीं खडकी व येरवडा येथील लढाया होऊन गेल्या होत्या, पेशवा पुणें सोडून फिरत होता, व कोंकणचे किल्ले आपापल्या शिबंदीच्या बळावर उभे होते. स्वदेशरक्षक दळाची याहून जवळची उपमा आम्हांस सुचत नाहीं. इंग्रजी वृत्तान्तांत किल्ला चटकन् पडला; शिरढोणच्या फडके घराण्याच्या परंपरेंत, म्हणजे वासुदेव बळवंतांच्या घराण्यांत, आजोबा अनंतराव किल्लेदार होते व त्यांनीं तो नेटानें लढविला. पहिला लेख वेढा घालणाराचा, दुसरा वंशजांचा. दोन्ही मोलाचे, पण हजिरी व दारूखाना यांचें काम त्यांपैकीं एकही करीत नाहीं. यास्तव कर्नाळ्याच्या शिबंदीस भेकड किंवा अजिंक्य ठरविणारीं विधानें आम्ही सारखींच अग्राह्य मानतों.

एका गोष्टींत मात्र आपण जपानी अभ्यासकांहून भाग्यवान् आहों. त्यांचीं दप्तरें त्यांच्याच कचेऱ्यांनीं जाळलीं. पेशवे दप्तर महसुलाच्या गरजेपोटीं कां होईना, जेत्यानें राखलें, आणि १९३० ते १९३४ या वर्षांत रियासतकार सरदेसायांनीं त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत छापले. आणखी एक साधन दुर्लक्षित आहे. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १९४६ मध्यें ताब्यादार फौजेबरोबर जपानांत गेली. हिंदी ब्रिगेडचा मुलूख ओकायामा, तोत्तोरी व शिमाने हा होता. म्हणजे ज्या पश्चिम होन्शूचें रक्षण ५९ व्या सैन्याकडे होतें, तोच. त्या शिपायांनीं घरीं धाडलेलीं पत्रें कोठें पेटींत असतील, तर तीं बखरीच्या तोडीचीं नव्हेत. तीं अस्सल पत्रेंच होत. आपटा, पनवेल, पेण या टापूंतील संग्राहकांनीं किल्ल्याच्या हजिऱ्या शोधतांना लष्करी डाकेचीं हीं पाकिटेंही रद्दींत जाऊं देऊं नयेत. प्रस्तुत ग्रंथाचा खरा उपयोग, आमच्या मतें, अशा कागदांच्या शेजारीं ठेवून वाचण्यांतच आहे. एकट्यानें तो प्रमाण नव्हे.