भजन आणि भरती : चिमूरच्या एका पदाचा विचार

वर्धा-बल्लारशा लोहमार्गावरील माजरी, वरोरा ह्या स्थानकांच्या ईशान्येस, चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर वसले आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथे जो उठाव झाला त्याच्या इतिहासात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी-भजनाचा उल्लेख हटकून येतो. त्यांतील एका हिंदी पदाविषयी दोन मते रूढ आहेत. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ती चिथावणी होती. भाविकांच्या मते ते निव्वळ भक्तीचे रूपक. पदाची भाषिक घडण तपासली असता ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

लोकांना युद्धास किंवा लढ्यास बोलावणाऱ्या मजकुराचे लक्षण म्हणजे द्वितीय पुरुष व आज्ञार्थ. सैन्यभरतीचे आवाहन श्रोत्याला ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून वेगळे काढते आणि त्याला कृती सांगते. ह्या पदात द्वितीय पुरुष आहे; परंतु तो श्रोत्यांसाठी नव्हे, देशाला छळणाऱ्या सत्तेसाठी योजिलेला आहे. श्रोते ‘आमचे नाथ’ ह्या अर्थाच्या षष्ठीत सामावलेले आहेत. नाथांचे येणे वर्तमानकाळात सांगितले आहे; झाडांची शस्त्रे होणे आणि भक्तांची सेना होणे भविष्यकाळात. क्रियापद ‘होणे’ ह्या अर्थाचे, म्हणजे अकर्मक आहे. सेना कोणी बनवावयाची, हे वाक्य सांगत नाही. ध्रुपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे असल्यामुळे ऐकणारा स्वतःच म्हणणारा होतो. आज्ञा पाळावी की न पाळावी, असा विकल्प त्याच्यापुढे येतच नाही. कारण ज्या समूहाची सेना व्हावयाची, त्यात तो म्हणता म्हणता सामील झालेला असतो. सरकारला ह्यात आज्ञा ऐकू आली. व्याकरणात ती नाही. मात्र ते केवळ रूपकही नव्हे. झाड आणि दगड ह्या वस्तू त्या वनप्रदेशात प्रत्येकाच्या हाताशी होत्या.

मराठीत ‘भरती’ म्हणजे रिकाम्या जागा भरणे, आणि समुद्राची भरतीही. सरकारी भरतीत नाव, मुदत, वेतन आणि शपथ ठरलेली असते. भजनाची भरती दुसऱ्या प्रकारची : तिला नोंदवही नसते. हेच तिचे बळ आणि हीच तिची उणीव. १६ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतरच्या दडपशाहीचा भार गावावर, विशेषतः स्त्रियांवर पडला. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी ह्यांना ६३ दिवस उपोषण करावे लागले. चिमूर-आष्टी प्रकरणातील कैद्यांच्या फाशीच्या शिक्षा १९४५ साली जन्मठेपेत बदलल्या गेल्या. कर्त्यावाचून उच्चारलेल्या वाक्याला न्यायालयात मात्र नावानिशी कर्ते सापडले. पदकर्ताही सुटला नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना अटक झाली आणि २ डिसेंबरपर्यंत ते नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत होते.

पुढे १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी महाराज सीमेवर जवानांपुढे भजने गाण्यास गेले. तेथील श्रोते आधीच भरती झालेले होते. त्यांच्या अन्नाची, निवृत्तिवेतनाची जबाबदारी शासनाने घेतलेली होती. खंजिरी तीच, परंतु तिचे कार्य आता धीर देण्याचे होते, सेना उभारण्याचे नव्हे. आवाहनाचे मोल केवळ शब्दांवरून ठरत नाही, ते ऐकणाऱ्याच्या पाठीशी पुढे कोण उभे राहणार ह्यावरही ठरते, असे ह्या तुलनेवरून म्हणता येते.

ह्या वनप्रदेशात हा प्रश्न जुना झालेला नाही. १९८० नंतर गडचिरोलीच्या गावांत आलेल्या नक्षलवादी दलांनीही गीत आणि नृत्य ह्यांचा आधार घेतला. ध्येये भिन्न, मार्ग भिन्न, आणि ह्या दोन घटनांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तथापि सामूहिक गीतातील ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला विचारावाचून आत घेतो, हा भाषेचा धर्म दोन्हीकडे सारखाच आहे. अशा गीतांची समीक्षा करताना त्यांतील रस आणि अलंकार पाहून थांबणे पुरेसे नाही. त्या ‘आम्ही’ मध्ये कोण कोण होते आणि किंमत त्यांपैकी कोणी दिली, हेही समीक्षेने विचारले पाहिजे.