यंत्र येण्याआधीचे गद्य

सिस्कोने २००४ साली सीआरएस-१ हा अजस्र राउटर आणला. त्याच्या सोळा कप्प्यांच्या प्रकारातले भरलेले कपाट सुमारे २१३ सेंटिमीटर उंच आणि सव्वासातशे किलोंच्या घरात. या कपाटाच्या कितीतरी आधी हाती पडे ती जागेच्या पूर्वतयारीची मार्गदर्शिका. तांत्रिक गद्याचा असा नेटका नमुना मी क्वचितच वाचला आहे, आणि तो वाचावा चंद्रपूरच्या ऊर्जानगरात. २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राच्या या वसाहतीत तसले कपाट बसवायचे आहे असे मनात धरले, की पुस्तिकेतले प्रत्येक कलम जिवंत होते.

या लेखनाचा स्थायीभाव काळजी आहे. यंत्राच्या वेगाचा गौरव त्यात जवळपास नाही. ट्रक कुठे लागेल, दार किती रुंद आहे, वळणावर कपाट फिरेल का, पुढे-मागे माणसाला उभे राहून काम करता येईल का, हे प्रश्न पुस्तिका शांतपणे विचारत जाते. वजनाचा आकडा पाहा. ६० बाय ९१ सेंटिमीटरच्या तळावर सव्वासातशे किलो म्हणजे चौरस मीटरला तेराशे किलोंहून अधिक भार. आपल्याकडे कार्यालयाचा स्लॅब साधारणपणे अडीचशे ते चारशे किलो धरून बांधतात. भार वाटून घेणारी पोलादी चौकट हवी, हे त्या एका आकड्यातूनच कळते. त्यासाठी वेगळे विशेषण लागत नाही.

हवेचे प्रकरण मला सर्वांत प्रिय. हवा पुढून खालच्या बाजूने आत, मागून वरच्या बाजूने बाहेर, एवढीच रचना. पण रॅकच्या रांगा समोरासमोर तोंड करून लावल्या नाहीत, तर एकाने टाकलेली ऊब दुसऱ्याच्या पोटात जाते. कपाट १२ किलोवॅट खात असेल तर तेवढीच उष्णता खोलीत सोडते, आणि ती काढायला साडेतीन टनांच्या आसपास वातानुकूलन लागते. मे महिन्यात पारा ४५ ओलांडणाऱ्या चंद्रपुरात हे वातानुकूलन बंद पडले तर हाताशी वेळ किती, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो. त्यात कोळशाची धूळ आणि राख. हवा गाळणारी जाळी त्यांनी भरली की हवा कोंडते आणि पंखे जोरात फिरू लागतात. खोलीतला हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त ठेवला, तर फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

अर्थिंगची शिस्तही वाचण्यासारखी: जोडताना ती सर्वांत आधी, काढताना सर्वांत शेवटी. शेजारी ४०० केव्हीचे स्विचयार्ड असताना या क्रमाचे मोल कळते. मोठा बिघाड झाला तर तिथल्या जमिनीचाच विद्युतदाब क्षणभर चढतो. म्हणून यार्डातून येणारा संदेश काचेच्या तंतूतून यावा. तो तंतू वीज वाहत नाही.

वीजपुरवठ्याशी आल्यावर ऊर्जानगरचे वाचन सर्वांत अर्थपूर्ण होते. दूरसंचाराची अशी कपाटे बहुधा उणे ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. १२ किलोवॅटला अडीचशे अँपिअर प्रवाह. तांब्याची तार लांबली की दाब गळतो, म्हणून बॅटरी जवळच हवी. विजेच्या माहेरी बॅटरी कशाला? वीजनिर्मितीचे संच एकदम बंद पडले, तर औष्णिक केंद्राला पुन्हा उठायला बाहेरची वीज लागते. ती कुठून, केव्हा घ्यायची हे कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राशी बोलूनच ठरते. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरवरच्या पडघ्याला १५०० मेगावॅट नेऊ शकणाऱ्या उच्चदाब एकदिश वाहिनीचीही दोन टोके एकमेकांशी बोलत राहावी लागतात. संदेशवहन जिवंत राहायला हवे ते नेमके अंधाराच्या वेळी.

पुस्तिका साऱ्या जगासाठी एकच. तिच्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यांत गाव उतरते ते उत्तरांतून. उणीव एकच: तो तक्ता भरणाऱ्या स्थानिक अभियंत्याचे लेखन कुणी वाङ्मय म्हणून जपत नाही. ते जपले पाहिजे. आपल्या हवेचे, मातीचे आणि विजेचे इतके नेमके वर्णन मराठी मुलखात फार थोड्या ठिकाणी लिहिले जाते.