मथळ्यावर हसताना

जुन्या वर्तमानपत्रातला एखादा मथळा घ्यायचा, तो शब्दशः खरा मानायचा आणि मग जगात काय काय घडले असते याची गंमत लिहायची, हा लेखनप्रकार तुमच्याही परिचयाचा असेल. शाळांच्या हस्तलिखितांत तो बराच दिसतो. एका शिबिरात विद्यार्थ्यांच्या अशा लेखांचा गठ्ठा माझ्याकडे तपासायला आला होता. वाचताना मी भरपूर हसलो. गठ्ठा संपल्यावर मात्र लक्षात आले, की बहुतेक लेखांतला विनोद एकच होता: तेव्हाची माणसे किती अडाणी आणि आपण किती शहाणे! असा विनोद कोणत्याही मथळ्याला चिकटवता येतो. म्हणूनच त्यातून मथळ्याविषयी काहीच कळत नाही.

उदाहरणच घेऊ. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत पाठवण्याची शक्यता मांडली, तेव्हा १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय स्तंभात त्यांची टर उडवली. निर्वात पोकळीत रॉकेटला रेटायला मागे काहीच नसते, मग ते पुढे जाणार कसे? शाळेत शिकवतात तेवढेही या प्राध्यापकांना ठाऊक नसावे, असा त्याचा सूर होता. यावर एका मुलाने संपादकांना बैलगाडीतून चंद्रावर पाठवले होते. हसू येते, पण पुढे काय?

नववीतल्या एका मुलीने वेगळी वाट धरली. तिने संपादकांचा नियम मान्य केला आणि तो प्रामाणिकपणे चालवून पाहिला. रॉकेट मागच्या हवेला रेटून उडत असेल, तर हवा दाट तिथे ते जास्त उडणार. म्हणजे महाबळेश्वरला दिवाळीचे बाण जेमतेम कौलांपर्यंत जाणार, आणि चांगली आतषबाजी पाहायला सगळ्यांना कोकणात उतरावे लागणार! घाटात एसटीची झुंबड, बाणकोटला फटाक्यांची बाजारपेठ, असे बरेच काही. हा विनोद अव्वल आहे, कारण नियमात चूक कुठे आहे ते तो वाचणाऱ्याला स्वतःच शोधायला लावतो. रॉकेट हवेला रेटत नाही. ते आपल्याच पोटातला वायू मागे फेकते आणि त्या फेकण्याची प्रतिक्रिया त्याला पुढे ढकलते. हवा उलट आडवीच येते. निर्वात नळ्यांत प्रयोग करून गोडार्ड यांनी हे आधीच पडताळले होते. न्यूटनचा तिसरा नियम तर १६८७ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होता. म्हणून या संपादकांवर हसणे न्याय्य आहे. वृत्तपत्राने चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गोडार्ड १९४५ सालीच वारले होते.

याच वृत्तपत्राचा ९ ऑक्टोबर १९०३ चा ‘न उडणारी उडती यंत्रे’ हा लेखही विनोदकारांचा लाडका. लँग्ली यांचे विमान दोनच दिवसांपूर्वी पोटोमॅक नदीत कोसळले होते. माणसाला उडायला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील, असा अंदाज लेखात होता. राइट बंधू उडाले ६९ दिवसांनी. सगळे विनोदकार या ६९ वर थांबतात. मला गंमत वाटते ती अंदाजाच्या रीतीची. पक्ष्याला पंख विकसित व्हायला किती काळ लागला असेल, यावरून हिशेब केला होता. तीच रीत चाकाला लावून पाहा. कोणत्याही प्राण्याला चाकाचा अंकुरसुद्धा फुटलेला नाही, तेव्हा सायकल कधीच तयार होता कामा नये. (जीवाणूंच्या फिरत्या शेपटीची आठवण जाणकारांनी कृपया करून देऊ नये.) आणि राइट बंधूंचा धंदा कोणता? सायकलींचा!

खरी पंचाईत होते मथळा बरोबर असतो तेव्हा. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात का, हे मोजले गेले. १० नोव्हेंबरला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आकाशातले दिवे तिरपे झाल्याचा मथळा दिला. तारे दिसतात तिथे नाहीत, पण कोणी काळजी करू नये, असेही खाली छापले. मुलांच्या लेखांत लगेच खलाशी वाट चुकले आणि ज्योतिषांनी पत्रिका फाडल्या. ‘किती तिरपे?’ हे मात्र एकानेही विचारले नव्हते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार सूर्याच्या कडेला लागून येणारा किरण १.७५ विकला वळायला हवा. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे सुमारे तीन किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. न्यूटनच्या मार्गाने गेल्यास उत्तर याच्या निम्मे येते. ब्राझीलमधील सोब्राल येथे १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर १.६१ विकला मोजले गेले. शिवाय हे वळण सूर्यालगतच्या ताऱ्यांपुरते. ग्रहण सोडले तर ते तारे दिसतच नाहीत, मग खलाशी चुकेल कशाने? मुले ज्या ओळीवर सर्वांत जास्त हसली, ती ‘काळजी करू नये’ ही ओळच त्या बातमीत सर्वांत अचूक होती.

तेव्हा वर्गात हा खेळ जरूर खेळावा, पण विनोद लिहिण्याआधी मुलांना एक आकडा शोधायला लावावा.

माझे हे म्हणणे थोडे आपलेपणातून आलेले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका वनस्पतीच्या अर्काने काचेच्या बशीतल्या कर्कपेशींची वाढ मंदावलेली दिसली. एका वृत्तपत्राने मथळा दिला, ‘कर्करोगावर रामबाण’. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. पत्नीचे रुग्णालयातले उपचार थांबवून तुमचे औषध सुरू करू का, असे ते विचारत होते. औषध नाही, ती नुसती बशी आहे, उपचार मुळीच थांबवू नका, हे मी त्यांना वीस मिनिटे समजावले. “पण साहेब, पेपरात आलंय ना,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचा दूरध्वनी नंतर आला नाही.