पडद्यावरची सकाळ, किनाऱ्यावरची न्याहारी

‘नव्या वेळेत, नव्या रूपात!’ ही पाटी मराठी वाहिन्यांवर झळकते तेव्हा ती कुणालाच नवी नसते. त्याआधी पंधरा दिवस कुजबुज सुरू झालेली असते. कार्यक्रम अर्ध्या तासावर येणार, निवेदिका बदलणार, जुना सोफा जाऊन मोठा पडदा येणार, कदाचित कार्यक्रमच गाशा गुंडाळणार. संध्याकाळच्या मालिकांबाबतच्या अशा वावड्या मनोरंजनाच्या पुरवण्यांत छापून येतात. सकाळच्या कार्यक्रमांबाबतच्या वावड्यांना तेवढाही मान मिळत नाही. त्या घराघरांत बोलल्या जातात आणि तिथेच विरतात.

या वावड्या मला क्षुल्लक वाटत नाहीत. सकाळच्या प्रसारणात आशयापेक्षा वेळ आणि रूप या दोन गोष्टीच अधिक बोलतात, असे माझे प्रतिपादन आहे. त्यामुळे त्या बदलणार अशी नुसती हूल उठली तरी प्रेक्षक अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेला अर्थ असतो. हे तपासण्यासाठी मालवणचा किनारा सोयीचा आहे. कारण मुंबई-पुण्यात आखलेली सकाळ इथे पोहोचते तेव्हा ती इथल्या सकाळीशी जुळत नाही आणि तिचे सगळे टाके दिसू लागतात.

सकाळ आली कुठून?

सकाळचे दूरचित्रवाणी-प्रसारण हे मुळात रेडिओचे अपत्य आहे. अमेरिकेत एनबीसीने १४ जानेवारी १९५२ रोजी ‘टुडे’ सुरू केला, तेव्हा सकाळी सात वाजता टीव्हीसमोर कोण बसणार, हीच मोठी शंका होती. त्यावर मिळालेले उत्तर असे, की बसायची गरजच नाही. दाढी करता करता, डबा भरता भरता कान देता आला पाहिजे. म्हणून घड्याळाची वेळ पुन्हा पुन्हा सांगायची, बातम्या ठरावीक अंतराने परत वाचायच्या आणि निवेदकाने भाषण न करता गप्पा मारायच्या.

ब्रिटनमध्ये बीबीसीचा ‘ब्रेकफास्ट टाइम’ १७ जानेवारी १९८३ रोजी सुरू झाला. त्याचा लाल चामडी सोफा प्रसिद्ध आहे. वृत्तनिवेदकाचे टेबल काढून तिथे सोफा ठेवला, एवढ्यानेच प्रेक्षकाशी असलेले नाते बदलले. टेबलामागचा माणूस सांगतो, सोफ्यावरचा बोलतो. दोनच आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, ‘टीव्ही-एएम’ ही प्रतिस्पर्धी वाहिनी नामवंत पत्रकारांना घेऊन गंभीर चेहऱ्याने उतरली आणि आपटली. काही आठवड्यांतच तिला रूप हलके करावे लागले, आणि तिला सावरण्यात मोठा वाटा होता तो रोलंड रॅट नावाच्या एका बाहुल्यातल्या उंदराचा!

आपल्याकडे दूरदर्शनचे सकाळचे प्रसारण २३ फेब्रुवारी १९८७ रोजी सुरू झाले. त्याच्या सुमारे महिनाभर आधी, २५ जानेवारीला, रविवार सकाळचे ‘रामायण’ सुरू झाले होते. हा योग मला महत्त्वाचा वाटतो. एकाच ऋतूत भारतीय प्रेक्षकाला दोन प्रकारच्या सकाळी मिळाल्या. एक, सगळे काम बाजूला ठेवून हात जोडून बघण्याची. दुसरी, काम करता करता ऐकण्याची. पहिलीवर आपण उदंड लिहिले. दुसरीचा संसार मात्र मुकाट चालत राहिला.

आणि ती दुसरी सकाळ आपल्याला परकी नव्हतीच. आकाशवाणीने ती आधीच लावून दिली होती. वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराने १९३६ च्या सुमारास बांधलेली संकेतधून वाजली, की घर जागे होई. त्या सुरावटीला शब्द नाहीत, बातमी नाही. तरी ‘आता उजाडणार’ हा निरोप ती अचूक देते. वेळ हाच आशय असतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

सातवर दहा

आता एक अलीकडचे उदाहरण. ते रेडिओचे आहे, पण मुद्दा तोच. जून २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुणे येथील प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला. आधी कुजबुज होती, मग आदेश आला. श्रोते, पत्रकार आणि सर्व पक्षांचे पुढारी बोलू लागले आणि काही दिवसांतच केंद्र सरकारने निर्णयाला स्थगिती दिली.

या वादात लोक काय बोलत होते, ते पाहण्यासारखे आहे. वृत्तविभागात किती माणसे आहेत, किती बातमीपत्रे निघतात, हे तपशील वर्तमानपत्रांनी दिले. लोकांच्या तोंडी मात्र एकच गोष्ट होती, ती म्हणजे सकाळी सातवर दहाच्या बातम्या. बातम्या दुसऱ्या शहरातून वाचल्या गेल्या असत्या तरी मजकुरात फार फरक पडला नसता, असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदी खोटा नाही. पण श्रोत्यांच्या लेखी ‘सातवर दहा’ हे बातमीपत्राचे नावच झाले होते. त्या नावाला धक्का लागतोय असे दिसताच लोक उभे राहिले.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये आयटीव्हीने मे २०२५ मध्ये जाहीर केले, की ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ जानेवारी २०२६ पासून साडेनऊपर्यंत लांबवायचा आणि त्यामागचा ‘लॉरेन’ हा कार्यक्रम तासाचा अर्धा तास करायचा. तिथेही चर्चेचा सूर हाच होता, की आमच्या सकाळीतला एक तुकडा कुणीतरी न विचारता हलवला. कारण सकाळचा कार्यक्रम हे घरातले घड्याळ असते. बातम्या संपल्या म्हणजे मुलाने दप्तर उचलायचे; हवामान सुरू झाले म्हणजे चहा उतरवायचा. घड्याळाचे काटे कुणी परस्पर फिरवले, तर घरातला माणूस चिडणारच.

छत्तीस मिनिटे

पण हे घड्याळ मुळात कुणाचे आहे? भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर धरलेली आहे. मालवण सुमारे साडेत्र्याहत्तर रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमचा सूर्य प्रमाणवेळेच्या छत्तीस मिनिटे मागे चालतो. जूनमध्ये नागपूरला साडेपाचच्या सुमारास उजाडते, तेव्हा मालवणात सूर्य वर यायला सहा वाजून जातात. जानेवारीत तर इथे सूर्योदयाला सात वाजून जातात. म्हणजे ‘शुभ सकाळ महाराष्ट्र’ म्हणणारी निवेदिका भर उजेडात नटूनथटून बसलेली असते, तेव्हा आमच्या माडांच्या शेंड्यांवर नुकते कुठे ऊन आलेले असते.

दुसरा फरक न्याहारीचा. ‘ब्रेकफास्ट टेलिव्हिजन’ या कल्पनेत एक विशिष्ट घर गृहीत आहे. सात ते नऊ या वेळात सगळे कुटुंब एका टेबलाभोवती, मग प्रत्येक जण कचेरीला किंवा शाळेला. किनाऱ्यावरच्या घराची घडी वेगळी. रापणीवर जाणारा उजाडायच्या आधीच घराबाहेर पडलेला. मासळी विकणारी बाई टोपली घेऊन बाजार गाठण्याच्या घाईत. घावणे-चटणी किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ होते खरी. पण ज्याच्या त्याच्या सवडीने. आणि अंगमेहनतीच्या घरात खरे खाणे म्हणजे दहा-अकराची पेज. त्या वेळी पडद्यावर कालच्या मालिकेचे पुनःप्रसारण चालू असते.

यावर कोणी म्हणेल, की वाहिनीने जिल्ह्याजिल्ह्याच्या पेजेप्रमाणे वेळापत्रक लावावे काय? तसे माझे म्हणणे नाही. एक वाहिनी एकच सकाळ देऊ शकते. पण ती ज्या सकाळीला ‘महाराष्ट्राची सकाळ’ म्हणते, ती प्रत्यक्षात लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेली महानगराची सकाळ असते, हे आपण ओळखले पाहिजे. वेळ बदलण्याची अफवा उठते तेव्हा चर्चा जाहिरातदार, नोकरदार आणि मुंबईचे प्रेक्षक यांच्यापुरतीच का राहते, हे त्यातून कळते.

रूप म्हणजे कोण बोलतो

रूपाचा प्रश्न सजावटीचा समजला जातो. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या बोधचिन्हाचा लाल रंग भगवा झाला, तेव्हा देशभर वाद झाला. त्या वादाच्या राजकारणात मी शिरत नाही. पण तो झाला यावरूनच दिसते, की प्रेक्षक रंगाकडे ‘कोण बोलतोय’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहतो.

मराठी सकाळीच्या रूपात गेल्या पंचवीस वर्षांत तीन वळणे आली. पहिले मुलाखतीचे. ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी सुरू झाली आणि राजू परुळेकर यांच्या ‘संवाद’ने सकाळी एका माणसाशी सावकाश बोलण्याची सवय लावली. दोन खुर्च्या आणि एक गप्पा, एवढेच त्याचे रूप. ते कानाने पाहता येत असे. भांडी घासणाऱ्या बाईचे काही चुकत नसे. दुसरे वळण भविष्याचे. झी मराठीवरच्या ‘वेध भविष्याचा’सारख्या कार्यक्रमांनी सकाळ बारा राशींत वाटून दिली. भविष्य ही काही मराठी मातीची खास खोड नव्हे. बीबीसीच्या त्या लाल सोफ्यावरही रसेल ग्रँट नावाचे ज्योतिषी बसत. तिसरे वळण २००७ नंतरच्या वृत्तवाहिन्यांचे. धावत्या पट्ट्या, मोजून शंभर बातम्या, कोपऱ्यात घड्याळ, दुसऱ्या कोपऱ्यात बाजारभाव. हे रूप कानाला काही देत नाही. ज्याला पडद्यावर नजर खिळवायला सवड आहे, त्याच्यासाठी ते आहे. म्हणजे सकाळच्या कार्यक्रमाचा मूळ करारच इथे मोडतो.

या तिसऱ्या रूपात मालवण दिसते कधी? ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी राजकोटावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले तेव्हा दिसले. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला, तेव्हा त्यानंतरच्या कित्येक सकाळी दिसले. एरवी आम्ही पर्यटनाच्या तुकड्यात निळ्या पाण्यासह असतो, किंवा नसतोच. समारंभ, दुर्घटना आणि सहल या तीन चौकटींत न बसणारी आमची रोजची सकाळ त्या रूपाला दाखवता येत नाही.

राशी आणि बावटा

सौंदर्यदृष्टीची तक्रार इथे संपते आणि जगण्याची सुरू होते. किनाऱ्यावर सकाळी एकच माहिती अत्यावश्यक असते, ती म्हणजे आज समुद्र कसा आहे. बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लागला, वारा कुठला, होडी लोटायची की नाही. नोव्हेंबर २००९ च्या ‘फयान’ने कोकणाला याची किंमत मोजायला लावली. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत ‘क्यार’ने किनारा झोडपला. १६ मे २०२१ च्या रविवारी ‘तौक्ते’ सिंधुदुर्गाला घासून गेले आणि पुढे कित्येक दिवस गावेच्या गावे अंधारात होती.

या तिन्ही वेळी सकाळच्या पडद्याचा प्रश्न केवळ काय दाखवले एवढाच नव्हता. पडदा चालू होता का, हाही होता. दूरदर्शनने मोजके मोक्याचे अपवाद वगळता आपली जुनी भूप्रसारण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले आणि छपरावरच्या माशाच्या काट्यासारख्या अँटेना निकामी झाल्या. त्यांची जागा थाळीने घेतली. थाळीवर चित्र स्वच्छ येते, वाहिन्या पुष्कळ मिळतात; पण दाट पावसात उपग्रहाचा संकेत क्षीण होतो आणि ज्या सकाळी हवामान सर्वांत जास्त हवे, त्याच सकाळी पडदा काळा होतो. हाही ‘वेळेचा आणि रूपाचा’ बदलच होता. त्याची मात्र ना वावडी उठली, ना वाद झाला.

आता मोबाइल आहे, हैदराबादच्या इन्कॉइसचे अंदाज थेट हातात येतात, मग सकाळच्या कार्यक्रमाची गरज काय, असे विचारले जाते. अंदाज येतात, हे खरे आणि चांगले आहे. पण त्याच मोबाइलवर तीन वर्षांपूर्वीच्या वादळाचा व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून येतो. शंभर निरोपांतला खरा कुठला, हे ठरवायला एक ओळखीचा आवाज लागतो. ठरलेल्या वेळी येणारा, न ओरडणारा, रोजचा. आवाज रोजचा असला तरच वादळाच्या दिवशी त्याच्यावर विश्वास बसतो. म्हणून सकाळच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा त्याच्या तीनशे साध्या दिवसांत असते.

तेव्हा यापुढे ‘नव्या वेळेत, नव्या रूपात’ची कुजबुज कानी आली, की प्रश्न निवेदिकेच्या साडीचा किंवा सोफ्याच्या रंगाचा विचारू नये. नवी वेळ कोणाच्या घड्याळावर लावली आहे? नवे रूप डोळे मिटूनही कळते का? आणि बारा राशी सांगून झाल्यावर समुद्र कसा आहे हे सांगायला त्यात दोन मिनिटे उरली आहेत का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर सोफा कोणत्याही रंगाचा असो. आमचे काही म्हणणे नाही.