यादीत नाही म्हणजे काय?

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून एका जुन्या मित्राने मला विचारलं, "अरे, समीक्षा पुस्तकाची करतात, नाटकाची करतात. कमांडची कसली समीक्षा करतोस?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की ज्या मजकुरावर विसंबून माणसं निर्णय घेतात त्याची समीक्षा व्हायलाच हवी. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की संगणकात काय काय बसवलंय याची यादी समोर येते. ती वाचून कोणी जुना संगणक विकत घेतो, कोणी रॅम वाढवायची की नाही ते ठरवतो, कोणी संगणक भंगारात काढतो. म्हणजे हा वाचला जाणारा मजकूर आहे. फक्त तो नीट वाचायला कोणी शिकवत नाही.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाला सात जुने लॅपटॉप देणगी मिळाले. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी त्यांवर लिनक्स घालून द्यायचं होतं. मी पोचलो तेव्हा दोन लॅपटॉपवर कागद चिकटवलेला होता: "वायफाय कार्ड नाही. भंगार." तिथल्या एका हुशार मुलाने नेटवर्क इंटरफेसची यादी काढली होती, तिच्यात वायफाय नव्हतं, म्हणून कार्ड नाही. तर्क सरळ आहे. मी म्हटलं, "बाळा, एकदा एलएसपीसीआय डॅश एनएन देऊन बघ." त्याने दिली. यादीच्या शेवटाकडे वायफायची चिप होती, निर्मात्याच्या नावासकट. तिला लागणारं फर्मवेअर तेवढं वेगळं घालायचं राहिलं होतं. अर्ध्या तासात दोन्ही लॅपटॉप नेटला जोडले गेले. तो मुलगा म्हणाला, "सर, मग आधीची यादी खोटं बोलली का?"

खोटं नव्हती बोलली. ड्रायव्हरने उभे केलेले इंटरफेस ती दाखवते, आणि ड्रायव्हर फर्मवेअरवाचून अडला होता, म्हणून तिने काही दाखवलं नाही. चूक झाली ती "नाही" या शब्दाचा अर्थ लावताना. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे असं समजा.

आता बघा, "यादीत नाही" याचे निदान चार अर्थ होतात. वस्तूच नाही. वस्तू आहे, पण तिचं नाव ठाऊक नाही. वस्तू आहे, नावही ठाऊक आहे, पण तिला चालवणारा ड्रायव्हर नाही. आणि सगळं आहे, पण बघायचा अधिकार तुम्हाला नाही. चांगलं साधन हे चार अर्थ वेगवेगळे ठेवतं. ही माझी कसोटी. आता एकेक कमांड या कसोटीवर घासून पाहू.

सुरुवात एलएसपीसीआयपासून. चेक प्रोग्रामर मार्टिन मारेश यांच्या पीसीआययुटिल्स या संचातली ही कमांड. तिचं काम असं चालतं. प्रत्येक पीसीआय उपकरणाजवळ माहितीचा एक छोटा तक्ता असतो. त्याच्या अगदी सुरुवातीला दोन आकडे: निर्माता कोण आणि उपकरण कोणतं. इंटेलचा निर्माता क्रमांक आहे ८०८६. हो, १९७८ सालच्या त्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. (हशा) चिपजवळ नाव नसतं, फक्त आकडे असतात. नावं येतात ती पीसीआय डॉट आयडीज नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमधून, आणि ही फाइल जगभरातल्या लोकांनी पाठवलेल्या नोंदींवर वाढत आलेली आहे.

म्हणजे यादीतली प्रत्येक ओळ दोघांची मिळून झालेली असते. आकडा चिपचा, नाव त्या फाइलचं. फाइल जुनी असेल तर नव्या कार्डापुढे नुसतं "डिव्हाइस" आणि आकडा येतो. लोक घाबरतात, कार्ड ओळखलं नाही म्हणतात. अहो, कार्ड आहे, फक्त त्याचं बारसं तुमच्या फाइलपर्यंत पोचलेलं नाही. डॅश एनएन दिलं की आकडा आणि नाव शेजारी शेजारी दिसतात. मला या कमांडचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटतो. भाषांतराच्या शेजारी मूळ संहिता छापावी तसं ती करते. नावाबद्दल शंका आली तर आकडा घेऊन तुम्ही स्वतः शोध घेऊ शकता.

अधिकाराचा प्रश्नही ती लपवत नाही. साध्या वापरकर्त्याने डॅश व्ही देऊन तपशील मागितला, तर उपकरणाच्या क्षमतांपुढे "ॲक्सेस डिनाइड" असं स्पष्ट छापते. म्हणजे माहिती आहे, पण तुम्हाला दाखवता येत नाही. हे प्रामाणिक "नाही" झालं. तिचा दोष दुसरीकडे आहे. डॅश के दिलं की कोणता ड्रायव्हर वापरात आहे त्याची ओळ येते. पण ड्रायव्हर नसेल तर? तर ती ओळ येतच नाही. नसलेली ओळ वाचणं नवख्याला कसं जमावं? इथे ही गुणी कमांड नेमकी मौन पाळते.

याच जागी एलएसएचडब्ल्यू बाजी मारते. ज्या उपकरणाला ड्रायव्हर मिळाला नाही त्याच्यापुढे ती मोठ्या अक्षरांत "अनक्लेम्ड" लिहिते, म्हणजे कोणी हक्क न सांगितलेलं. सगळ्या यादीसाधनांतला माझा हा सर्वात आवडता शब्द. वस्तू आहे, दारात उभी आहे, तिला घरात घेणारं कोणी नाही, हे तो एका शब्दात सांगतो. त्या मुलाने ही कमांड दिली असती तर बहुधा कागद चिकटवण्याआधी थांबला असता.

पण या कमांडचं कौतुक इथेच थांबवावं लागतं. ती एकाच झाडासारख्या मांडणीत मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर, डिस्क सगळं दाखवते. दिसायला फार सुबक. मात्र त्यातली काही माहिती बायोसकडून आलेली, काही कर्नलकडून, काही थेट उपकरणाकडून, आणि कोणती ओळ कोणाकडून आली हे यादीत लिहिलेलं नसतं. शिवाय साध्या वापरकर्त्याने ती चालवली तर "माहिती अपूर्ण किंवा चुकीची असू शकते" अशा अर्थाची ताकीद ती देते, पण ती ताकीद त्रुटींच्या वेगळ्या प्रवाहात जाते. तुम्ही यादी फाइलमध्ये वळवून कोणाला पाठवलीत, तर यादी जाते आणि ताकीद तुमच्याच पडद्यावर राहते. वाचणाऱ्याच्या हातात बिनताकिदीचा कागद पडतो. माझ्या मते हा मोठा दोष आहे, कारण यादी बहुतेक वेळा ज्याने काढली त्याच्यापेक्षा दुसराच कोणीतरी वाचतो.

आता डीएमआयडीकोड. आपल्याकडे सातबारा कसा असतो? उताऱ्यावर ऊस लिहिलेला असतो, शेतात जाऊन पाहावं तर सोयाबीन. उतारा बनावट नसतो, पण तो नोंदीचा कागद असतो. डीएमआयडीकोड हा संगणकाचा सातबारा आहे. मदरबोर्ड बनवणाऱ्याने बायोसमध्ये जे तक्ते भरून ठेवले ते ती वाचून दाखवते, प्रत्यक्ष हार्डवेअर तपासायला जात नाही. आणि भरणाऱ्याने आळस केला तर? तर अनुक्रमांकाच्या जागी "टु बी फिल्ड बाय ओईएम" असं छापून येतं. "निर्मात्याने भरावे" अशी सूचना होती, ती तशीच राहून विकली गेली. (हशा) हसू नका, तुमच्यापैकी काहींच्या घरी असा संगणक असेल.

या कमांडची एक गोष्ट मात्र मानावी लागेल. तिच्या मॅन्युअलच्या पानावर तिच्या कर्त्यांनीच स्वच्छ लिहून ठेवलंय, की या तक्त्यांतली माहिती पुष्कळदा अचूक नसते, अपुरी असते किंवा सरळ चुकीची असते. स्वतःच्या साधनाविषयी इतकं परखड लिहिणारे लेखक साहित्यातही विरळा. पण मॅन्युअल वाचतो कोण? यादीत जिथे "कमाल रॅम ४ जीबी" असं येतं तिथे त्या ताकिदीचा मागमूस नसतो. त्या ओळीवर विसंबून लोक रॅम वाढवायचा विचार सोडून देतात. ज्या बोर्डाची नोंद ४ जीबी सांगते तो ८ जीबी बिनतक्रार चालवतो, असं पुष्कळदा घडतं. तेव्हा या ओळीनंतर बोर्डाची माहितीपुस्तिका बघायची, मगच ठरवायचं.

एलएसबीएलके ही डिस्कची यादी देते. नीटस, आटोपशीर, रोजच्या वापरातली. पण ५०० जीबीची डिस्क ती ४६५.८ जी अशी दाखवते. विकणारा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, ही कमांड १०२४ च्या पटीत मोजते, आणि एकक लिहिताना नुसता "जी" लिहिते. ३५ जीबी दुकानदाराने खाल्ले असं वाटून भांडायला गेलेले लोक मी पाहिलेत. एका अक्षराच्या कंजुषीपायी! आणि "नाही"ची कसोटी? कार्ड नसलेला कार्डरीडर नेहमीच्या यादीत ती दाखवतच नाही, त्यासाठी डॅश ए द्यावं लागतं. म्हणजे "रिकामं आहे" आणि "नाही" यांत फरक राहत नाही.

इथवर "नाही"चं झालं. "आहे" तरी किती खात्रीचं? एलएसयूएसबीकडे वळू. यूएसबी उपकरण जोडलं की ते स्वतःची ओळख स्वतःच करून देतं, आणि यादी ती ओळख लिहून घेते. २०१४ सालची गोष्ट ऐका. एफटीडीआय ही स्कॉटलंडमधली कंपनी. सीरियल पोर्ट यूएसबीला जोडणाऱ्या तिच्या चिप फार चालतात, त्यामुळे त्यांच्या नकलाही फार. या नकला ०४०३:६००१ हा अस्सल चिपचाच क्रमांक सांगत. यादीत अस्सल आणि नक्कल यांत तसूभर फरक नाही. त्या वर्षी कंपनीचा नवा विंडोज ड्रायव्हर अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपमधला उत्पादन क्रमांक पुसून शून्य करून टाकला. वापरणाऱ्यांची उपकरणं एकाएकी अनोळखी झाली. ओरड झाली, कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. नक्कल वाईटच. पण ज्याने बाजारातून भरवशाने केबल आणली त्याला आपल्या केबलमध्ये काय आहे हे कोणत्याही यादीने सांगितलं नव्हतं, सांगूही शकली नसती. नकली पेन ड्राइव्हचंही हेच. तो स्वतःला २ टीबी म्हणवतो, एलएसबीएलके मुकाट्याने तेवढं लिहिते. खरं-खोटं कळायला पूर्ण भरून, परत वाचून पाहावा लागतो. एफ३ नावाचं साधन नेमकं तेच करतं.

म्हणून माझा निवाडा असा. या कमांडी टाकाऊ आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, रोज वापरतो. सुबकपणात एलएसएचडब्ल्यू पुढे असेल, पण विश्वासात मी एलएसपीसीआयला पहिला मान देतो, कारण मूळ आकडा ती वाचणाऱ्याच्या हाती ठेवते. तिने ड्रायव्हर नसल्याची एक ओळ छापायला शिकावं आणि एलएसएचडब्ल्यूने आपली ताकीद यादीच्या आत घालावी, एवढं मागणं फार नाही. आणि वाचणाऱ्यांनी, म्हणजे आपण, एक सवय लावून घ्यावी. भंगारचा कागद चिकटवण्याआधी निदान दोन वेगळ्या यादींना विचारायचं, आणि दोन्ही वेळा स्वतःला विचारायचं, की हे कोणाच्या शब्दावर लिहिलंय?

त्या वाचनालयातल्या मुलाने पुढे कागद काढून टाकले नाहीत. त्याने त्यावरची "भंगार" ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "कार्ड आहे. फर्मवेअर घातले." तारीखही टाकली. माझ्या दृष्टीने त्या खोलीतली सगळ्यात चांगली यादी ती होती.

थांबतो इथे. प्रश्न असतील तर जरूर विचारा.