शब्दांना पुरेना श्वास

नकार सोसणाऱ्या माणसाच्या श्वासासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. उसासा, सुस्कारा, हुंदका, निःश्वास. शिवाय कंठ दाटणे, आवंढा गिळणे, जीव गुदमरणे. ही संपत्ती हाताशी असल्यामुळेच की काय, पात्राचा अपमान झाला की आमचे लेखक त्याला लगेच सुस्कारा टाकावयास लावतात. तो वाचकाला ऐकू येतो, पण भिडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन पुन्हा वाचताना याचे कारण आम्हांस उमगले.

हे मूळ इंग्रजी लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने आले. त्यातील एक प्रकरण आपल्या बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या सेवेत आले. अस्पृश्याला जागा कोण देणार? अखेर दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. त्यांच्या अंगावर सदरा-कस्ती नाही, हे तेथील रखवालदारास ठाऊक होते. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन खोलीपुढे उभे ठाकले.

प्रश्नांचा भडिमार झाला, तेव्हा ते गप्प राहिले. मंडळी गेल्यावर रडले. दोन मित्रांकडे आसरा मागितला. एकाने घरचे नोकर निघून जातील असे सांगितले. दुसरा म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. रात्री नऊच्या गाडीने मुंबईस जाण्याचे ठरले आणि मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढला. आठ वाजता ते सामान घेण्यास गेले. रखवालदार बाहेर आला. पण दोघांपैकी कोणालाच शब्द फुटेना.

आमच्या एका बैठकीत हे लेखन सरकारी अहवालासारखे कोरडे असल्याचा आक्षेप निघाला होता. जन्मभर अहवाल लिहिलेल्या आम्हांस तो मान्य नाही. अहवालात माणूस लपतो. येथे अकरा दिवस, डझनभर माणसे, रात्रीचे नऊ, या आकड्यांमागे माणूस धापा टाकीत उभा आहे. अठरा वर्षांनंतरही हे आठवले की डोळे भरून येतात, असे तो सांगतो.

बोलणे हे बाहेर पडणाऱ्या श्वासावर चालते. एरवी आपोआप होणाऱ्या श्वासोच्छ्वासाला बोलताना आपण लगाम घालतो. दुःख अनावर झाले की तो लगाम सुटतो, श्वास तुटक होतो, कंठ आवळतो आणि वाक्य पुरे होत नाही. म्हणून अशा वेळच्या मौनाला केवळ संयम म्हणणे चुकीचे ठरेल. उसाशांची आरास न मांडताही हे प्रकरण श्वासाचे आहे, ते या अर्थाने.

आणि तो रखवालदार? समीक्षकांचे लक्ष सहसा नाकारल्या गेलेल्या माणसावर असते. येथे दाराशी उभा असलेलाही मुका झाला आहे. आपल्यामुळे हा माणूस अडचणीत आला, असे त्याला कोठेतरी वाटत होते, असे लेखक सांगतो. त्याचाही श्वास अडला, याचीही नोंद तो करतो. आणि ज्याला हाकलले गेले त्याने ती करावी, यात या लेखनाचे मोठेपण आहे.

ही ओळ आम्हांस आज उमगली, त्याला एक खाजगी कारण आहे. नोकरीत असताना एका कनिष्ठ सहकाऱ्याने आमची माडीवरची खोली भाड्याने मागितली होती. त्याची जात आम्हांस ठाऊक होती. ‘घरात विचारून सांगतो’, असे आम्ही म्हणालो. म्हणताना आवाज घोगरा झाला. घसा खाकरून वेळ मारून नेली. त्याने पुन्हा विचारले नाही. आम्ही घरात विचारलेही नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण सकाळी सयाजीबागेत फिरावयास जातात, कोणी तेथेच प्राणायाम करतात. त्यांनी घरी येऊन हे प्रकरण एकदा मोठ्याने वाचून पाहावे. त्या रखवालदारापाशी आले की आमचा आवाज अजूनही थांबतो.