ओसाड गिरणीचे सुंदर फोटो : एक तक्रार

(व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण ‘सुंदर’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज त्याच शब्दाची एक अडचण तुमच्यापुढे मांडतो. विषय वरवर किरकोळ वाटेल : बंद पडलेल्या कारखान्यांत शिरायचं आणि तिथले फोटो काढायचे. ही आता जगभरची हौस आहे. तिची जाडजूड पुस्तकं निघतात, प्रदर्शनं भरतात. मी फोटोग्राफर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं गिरणगावाला लागून असलेल्या एका कॉलेजात, सकाळच्या वर्गांना. पहिल्या पाळीला निघालेला बाप आणि पहिल्या तासाला निघालेला मुलगा एकाच वेळी चाळीचा जिना उतरत. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

झालं असं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी फोटो काढते. तिने मध्य मुंबईतल्या एका बंद गिरणीचे बारा फोटो मला आणून दाखवले. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, त्यातून उतरलेला मऊ उजेड, फरशीवर साचलेल्या पाण्यात पडलेलं खांबांचं प्रतिबिंब, भिंत फोडून आलेला पिंपळ. फोटो खरोखर सुंदर होते. मी तसं म्हटलंही. त्या वेळी आमचे शेजारी बसले होते. तीस वर्षं गिरणीत काढलेले गृहस्थ. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “हे साचेखातं. वर माळा नाही, बघा. त्रासन माळ्यावर असायचं. आणि पोरी, ही फरशीतली भोकं ओळीनं दिसतात ना, तिथं साचे आवळलेले होते. ही मधली वाट. एवढ्याशा वाटेत आम्ही उभे.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “साचे कुठं गेले?”

मुलीला उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे.

आधी फोटोंची बाजू घेतो, कारण ती भक्कम आहे. कांटने १७९० साली सौंदर्यनिर्णयावर लिहिताना राजवाड्याचं उदाहरण घेतलंय. राजवाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी म्हणेल की गरिबांचा घाम गाळून असल्या निरर्थक गोष्टी बांधतात. कांट म्हणतो, मान्य, पण मी ते विचारलेलंच नाही. माझा प्रश्न एवढाच की नुसतं पाहताना ते तुला आवडतं का? या न्यायाने आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न गैरलागू ठरतो. साचे कुठे गेले ते पोलिसांना विचारा, नाहीतर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना. फोटोला का विचारता?

मी हे अनेक वर्षं शिकवलं आणि पटवूनही दिलं. पण भग्नावशेषाच्या बाबतीत ते पुरत नाही. का, ते गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताकडून कळतं. १९०७ साली त्याने भग्नावशेषांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इमारत म्हणजे माणसाच्या इच्छेने दगडावर मिळवलेला विजय. इमारत ढासळू लागते तेव्हा निसर्ग आपला वाटा परत मागतो. या ओढाताणीत क्षणभर जो समतोल दिसतो, तो आपल्याला मोहवतो. पुढे तो एक अट घालतो. माणसांनी मुद्दाम पाडलेल्या वास्तूला ही मोहिनी नसते. ऱ्हास निसर्गाचा वाटला पाहिजे.

‘वाटला’ पाहिजे. सगळी गोम इथे आहे. त्या मुलीच्या फोटोत पिंपळ आहे, शेवाळ आहे, पावसाचं पाणी आहे. फोटो पाहताना मन म्हणतं : काळ. काळाने हे केलं. आता मुंबईचं पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. यंत्रं विकली गेली, काही बाहेर, काही भंगारात. यातलं काय पिंपळाने केलं? प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही आहे. माणसांनी केलेली गोष्ट निसर्गाने केल्यासारखी दाखवणं, ही माझी पहिली तक्रार.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कायद्यात सापडतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची होईल. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे ती वाटणीत धरायची नाही, पुढे इमारत पाडली तरी नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये ही दुरुस्ती टिकली. गिरण्यांचा बहुतेक भाग शेडखालीच असणार, त्यामुळे शहराचा वाटा आक्रसला. आता गंमत बघा, गंमत कसली, क्रूर गोष्ट आहे. फोटोत जी शेड ‘रिकामी’ म्हणून आपल्याला हळवं करते, ती कायद्याच्या भाषेत ‘मोकळी’ नव्हती. त्या ओसाड छपराने आपल्या खालची जमीन राखून ठेवली, आणि ती कामगारासाठी नव्हे. एवढं कळल्यावर तोच फोटो पुन्हा बघा. छप्पर तेच आहे, पण आता त्याच्याकडे उसासा टाकून बघता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, सर, तुम्हाला फोटोत माणसं हवीत. नाही. बेर्न्ट आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरचे मनोरे टिपले. त्यांच्या चौकटीत माणूस जवळजवळ नसतोच. आभाळ कायम ढगाळ, सावली नाही, कोन ठरलेला. एकाच जातीच्या दहा-पंधरा वास्तू ओळीने मांडायच्या. ओळ पाहताना आपोआप तुलना सुरू होते : हा पाय इथे का, ही शिडी तिथे का? त्यांच्याकडे हळहळ नाही, पण ओळख आहे. ते बघणाऱ्याला शेजाऱ्यांच्या जवळ नेतात.

दुसऱ्या टोकाला डेट्रॉइट. मार्शां आणि मेफ्र या दोघा फ्रेंच छायाचित्रकारांचं डेट्रॉइटच्या अवशेषांवरचं पुस्तक २०१० साली आलं आणि गाजलं. पॅकार्ड मोटारींचा कारखाना, ओस पडलेलं रेल्वे स्थानक, नाट्यगृहं. कारागिरी अप्रतिम. पण पुस्तक मिटल्यावर वाटतं, हे शहर मेलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत तिथे सात लाखांवर माणसं राहत होती, बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यांच्या शाळा चालू होत्या, भांडणं चालू होती. जिवंत माणसाच्या घरी जाऊन त्याचा मृत्युलेख वाचावा, तसं हे झालं. तिथल्या लोकांनी तक्रार केली ती बरोबर होती.

‘ओसाड’ या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये महालक्ष्मीच्या शक्ती मिलच्या आवारात, कामासाठी फोटो काढायला गेलेल्या एका तरुण छायाचित्र-पत्रकार मुलीवर सामूहिक अत्याचार झाला. त्याआधी तिथेच आणखी एका मुलीच्या वाट्याला तेच आलं होतं, हे नंतर उघड झालं. मी हे उदाहरण म्हणून वापरायला कचरतो. पण या विषयावर मुंबईत बोलताना ते वगळणं अप्रामाणिक होईल. शहराने जी जागा वाऱ्यावर सोडली, ती रिकामी राहत नाही. आणि ‘पडक्या जागांची भटकंती’ ही हौस सगळ्यांना सारखी परवडत नाही.

मग फोटो काढूच नयेत का? उलट, काढावेत. गिरणी पाडायला फार दिवस लागत नाहीत, आणि पाडल्यावर त्या मुलीचे बारा फोटो हाच पुरावा उरेल. माझी मागणी वेगळी आहे. ब्रेख्तने फार पूर्वी बजावलं होतं की कारखान्याचा नुसता फोटो त्या कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. वाल्टर बेंजामिनने त्यावरून मथळ्याचं महत्त्व सांगितलं. फोटोखाली काय लिहायचं, हा फोटोचाच भाग. ‘काळाची पावलं’ असलं काही नको. कुठलं खातं, काय बनत होतं, कधी बंद झालं, यंत्रं कुणी नेली, जमीन आता कुणाची? न कळलेल्या ठिकाणी ‘माहीत नाही’ लिहा. तेही चालेल.

आणि यातून सौंदर्य कमी होतं, असं समजू नका. त्या फोटोतला उजेड मला अगोदर नुसता मऊ वाटला होता. शेजारी म्हणाले, काचा उत्तरेकडे असत, ऊन थेट येऊ नये म्हणून. साच्यावर सूत तुटलं तर दिसायला हवं, म्हणून सावल्यांशिवायचा उजेड. म्हणजे आपण ज्याला कविता म्हणत होतो तो विणकराच्या डोळ्यांचा हिशेब होता. हे कळल्यावर मला तो उजेड जास्त सुंदर दिसला. कांटला माझं हे उत्तर आहे. जाणून घेतल्याने पाहणं बिघडत नाही, ते पुरं होतं.

ती मुलगी पुढे दोन रविवार आमच्याकडे येऊन बसली. काका सांगत गेले, ती फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहीत गेली. बारापैकी नऊ फोटोंच्या मागे मजकूर आला. तीन कोरे राहिले. ती खाती काकांनी आतून कधी पाहिली नव्हती. साचे कुठे गेले, हेही अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या काळातलं माणूस असेल, तर विचारून ठेवा. फार दिवस उरलेले नाहीत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.